आम्हाला वर पाठवलंत, खाली कोण बोलावणार होतं?

मा. तहसीलदार, मा. गटविकास अधिकारी, ग्रामपंचायतीचे सरपंच व सदस्य, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

गावाचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला कळेल. त्सुनामीच्या त्या चुकीच्या घोषणेबद्दलचे आमचे दोन साधे अर्ज आणि एक माहिती अधिकारातला अर्ज तुमच्या दप्तरी पडून आहेत. इतरांना नाव कळलं तर एवढंच होईल, की पुढच्या सुट्टीत ते त्या गावाची वाट टाळतील. ज्या घराने आमचं सगळं केलं त्याच्याच पोटावर पाय आणायचा नाही, म्हणून नाव नाही.

मी या घरातली मोठी सून. वय ५४. आमच्याकडे लग्नं, बारशी, सहली, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे असतात. कोण कुठल्या गाडीत, कोणाला तिखट चालत नाही, कोणाची गोळी जेवणाआधी आणि कोणाची नंतर. सासूबाईंना ८१ वर्षं होत होती. सहस्रचंद्रदर्शन हॉलमध्ये नको, समुद्राकाठी कर, असं त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर त्याच पट्ट्यातलं. चार वर्षं ठरवत होतो आणि चार वर्षं कोणाची ना कोणाची परीक्षा, बदली, बाळंतपण आड येत होतं. शेवटी मे महिन्यात जमलं. पुणे, ठाणे, नाशिक, बेळगाव, आणि मस्कतहून धाकटे दीर दोन आठवड्यांची रजा काढून. एकूण एकतीस माणसं. सर्वांत लहान सात महिन्यांची, सर्वांत मोठ्या सासूबाई. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची शेजारशेजारची दोन घरं आम्ही सहा दिवसांसाठी घेतली होती. पुरुष मंडळी आणि पोरं खळ्यात गाद्या टाकून झोपायची. बुधवारी पोहोचलो, शुक्रवारी अमावास्या, रविवारी बीज. बिजेच्या कोवळ्या कोरीला हात जोडून मग कणकेच्या एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं असं ठरलं होतं.

शुक्रवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. सुरुवात आमच्याच घरातून झाली. हे लिहू नको असं मला घरात तिघांनी सांगितलं, पण हे गाळलं तर बाकीचं पत्र लिहायचा अधिकार राहत नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी खूप आत गेलं होतं. इतकं, की एरवी न दिसणारे खडक उघडे पडले आणि पोरं त्यांच्यावर जाऊन खेकडे बघत होती. माझ्या सोळा वर्षांच्या पुतण्याने व्हिडिओ काढला, ‘बघा समुद्र किती आत गेलाय’ एवढं बोलला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर चौसष्ट माणसं आहेत. पुढे कोणी कुठे पाठवला ते देव जाणे. पावणेसातला तोच व्हिडिओ आमच्याकडे परत आला तेव्हा खाली मजकूर चिकटलेला होता: समुद्र मागे जाणं हे त्सुनामीचं लक्षण, २००४ मध्ये असंच झालं होतं, कोकणवासीयांनो सावध राहा. आम्ही हसलो. आमच्या पोराचा आवाज होता हो त्यात.

सात पस्तीसला हसू थांबलं. ग्रामपंचायतीची घंटागाडी आली. सकाळी ओला कचरा सुका कचरा ओरडत फिरते तीच. भोंग्यावरून ड्रायव्हर सांगत होता, ‘त्सुनामीचा इशारा आलेला आहे, किनाऱ्यावरच्या सर्वांनी ताबडतोब सड्यावर शाळेत जावे, सामान घेऊ नये.’ व्हॉट्सअ‍ॅपवरची बातमी खोटी असू शकते. पंचायतीची गाडी खोटं कशाला बोलेल?

सड्यावर, म्हणजे गावामागच्या डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, जायला गाडीरस्ता आहे, पण तो खाडीच्या कडेने वळसा घालून जातो. पाण्यापासून पळताना पाण्याच्याच कडेने कोण जाईल? म्हणून पाखाडीने निघालो. जांभ्या दगडाच्या एकशे बासष्ट पायऱ्या. हा आकडा आमच्या नऊ वर्षांच्या नातीने दुसऱ्या दिवशी उतरताना मोजला. अमावास्येचा अंधार, दिवे गेलेले, हातातल्या मोबाइलचा उजेड. सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार नातवांनी उचललं. माझ्या थोरल्या नणंदबाई, वय ६३, शंभराच्या आसपासच्या पायरीवर घसरल्या आणि डाव्या मनगटावर पडल्या. मनगट मोडलंय हे त्यांना तिथेच कळलं होतं, असं त्या आता सांगतात. तेव्हा बोलल्या नाहीत. ‘मुरगळलाय’ म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

वर पोहोचल्यावर मी डोकी मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीस. पोटात खड्डा पडला. तिसऱ्यांदा मोजताना जाऊबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘एकतीस.’ दहाव्या माणसाची गोष्ट शाळेत शिकवताना मी पोरांना हसवत असे. त्या रात्री कोणी हसलं नाही.

शाळेला कुलूप होतं. मे महिन्याची सुट्टी, गुरुजी आपल्या गावी, किल्ली त्यांच्या घरी. गावकरी, आमच्यासारखे पाहुणे, जवळच्या लॉजवरची माणसं मिळून दीडशेच्या आसपास लोक कुलूपबंद शाळेच्या अंगणात उभे होते. दहाच्या सुमारास दोघांनी दगडाने कुलूप तोडलं. आत दोन वर्ग, एक संडास, टाकी कोरडी. पिण्याचं पाणी शेजारच्या वाडीतल्या एका बाईने कळशी कळशीने आणून दिलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. दिरांचं इन्सुलिन खालच्या फ्रीजमध्ये राहिलं होतं. सामान घेऊ नये असं सांगितलं होतं ना.

आता त्या रात्रीचा अकरा ते बाराचा तास. अंधारात समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता, आणि आवाज वाढत होता. वाढत, वाढत. बायका रडायला लागल्या. कोणीतरी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. सात महिन्यांच्या बाळाला त्याच्या आईने छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की शेवटी सासूबाई ओरडल्या, ‘अगं, श्वास घेऊ दे त्याला.’ आम्हाला सगळ्यांना वाटलं, आली.

ती भरती होती. रोजची.

हे आम्हाला एक माणूस साडेआठपासून सांगत होता. गावातला म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पंचाहत्तरीच्या पुढचा, सुनेच्या धाकाने वर आलेला. तो म्हणत होता, ‘आज आवस. सुकतीक पाणी लांब जाताच.’ म्हणजे आज अमावास्या, ओहोटीला पाणी लांब जातंच. कोणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. त्याचं गणित साधं आहे आणि कोकणातल्या पुष्कळ जुन्या माणसांना ते पाठ असतं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती दुपारी आणि रात्री अकरा-बाराच्या दरम्यान, आणि ओहोटी सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटी नेहमीपेक्षा लांब जाते. माझ्या पुतण्याने व्हिडिओ काढला ती वेळ आणि तांडेलाच्या गणितातली वेळ एकच होती. तालुक्याच्या गावात हे गणित येणारं एकही माणूस त्या संध्याकाळी फोनजवळ नव्हतं का?

रात्री एक वाजता काही तरुण खाली बघून येतो म्हणाले. पोलीस पाटलांनी अडवलं. आदेश आल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. त्यांचं बरोबरच होतं. ते १०७७, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर, फिरवत राहिले, लागला नाही. मग त्यांच्या फोनची बॅटरी संपली, आणि दिवे गेल्यावर तासाभराने टॉवरही झोपला होता.

सुटका केली ती एसटीने. पलीकडच्या गावात मुक्कामाला असलेली गाडी सकाळी सहा दहाला सड्यावरून जाते. कंडक्टरने दारातून वाकून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काय हो, शाळेत लग्न आहे का?’ मग त्यानेच सांगितलं, की रात्रीच सगळीकडे मेसेज फिरलाय, त्सुनामी-बिनामी काही नाही.

आता माझ्या तक्रारी. आधी एक स्पष्ट करते. भोंगा वाजवला याबद्दल माझी तक्रार नाही. नुसती नाही असं नव्हे, तो वाजवला याबद्दल मी आभारी आहे. समुद्राच्या बाबतीत एकदा उगाच धावणं परवडतं. २०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’ चक्रीवादळ येणार म्हणून गुजरातने सुमारे तीन लाख लोक हलवले आणि वादळ वळसा घालून समुद्रातच राहिलं. ती माणसं उगाच हलवली असं मी म्हणणार नाही. आणि अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही, हे जे आमच्या दिरांना मस्कतमध्ये आणि मला पुण्यात लोक छातीठोक सांगतात, तेही खरं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली होती, माणसं वाहून गेली होती. मकरान आजही तिथेच आहे.

माझी तक्रार नंतरच्या दहा तासांबद्दल आहे.

माहिती अधिकारातलं उत्तर तुम्ही तीस दिवसांत द्यायचं ते एकेचाळिसाव्या दिवशी दिलंत. ते सोडून देते. उत्तरासोबत नोंदवहीच्या पानांच्या प्रती आहेत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद, कारण त्यांच्यामुळे सगळं उलगडलं. त्या दिवशी दुपारी सव्वाचारला जो मूळ संदेश आला होता तो उंच लाटांचा होता. १.६ ते १.९ मीटर लाटा, छोट्या होड्या वर ओढून ठेवाव्यात, किनाऱ्याजवळ काळजी घ्यावी. मे महिन्यात लांबच्या समुद्रातून असा फुगवटा येतो आणि असे संदेश येतात. संदेश अगदी बरोबर होता. मग सहा पंचावन्नला तालुक्याहून कोणीतरी फोन केला. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. नोंद अशी आहे: ‘लाटांचा इशारा आहे किंवा कसे याबाबत विचारणा. इशारा असल्याचे सांगितले.’

बस. एवढंच. एकाने विचारलं, लाटांचा इशारा आहे का? दुसऱ्याने सांगितलं, हो, आहे. दोघंही खरं बोलले. एकाच्या मनात त्सुनामी होती, दुसऱ्याच्या मनात होड्या. सात दहाला पंचायतीत फोन गेला, लोकांना हलवा.

हे वाचून मला राग येण्याऐवजी हसू आलं, आणि मग राग आला. कारण त्सुनामीचा इशारा कोण देतं हे या देशात ठरलेलं आहे. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, तिथे २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा चालते. मोठा भूकंप झाला की काही मिनिटांत तिथून निवेदन निघतं. त्या शुक्रवारी अरबी समुद्रात कुठेही मोठा भूकंप झाला नव्हता. ‘भूकंप कुठे झालाय?’ एवढा एक प्रश्न त्या फोनवर विचारला गेला असता तर नणंदबाईंचं मनगट आज सरळ असतं. शिवाय फोन ओरडले नाहीत. २०२३ मध्ये दूरसंचार खात्याने देशभर चाचण्या घेतल्या तेव्हा सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळले होते आणि निम्म्या देशाची घाबरगुंडी उडाली होती. खरी आपत्ती आली तर असाच आवाज येईल असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या रात्री दीडशे फोन गप्प होते. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे ना आम्हाला ठाऊक, ना तुम्हाला.

पण चूक होते. चार माणसं, तीन फोन, घाई. मी समजू शकते. पुढची नोंद समजू शकत नाही. रात्री नऊ दहा: ‘त्सुनामीबाबत कोणताही इशारा प्राप्त नाही. सदर बाब अफवा असल्याचे सर्व संबंधितांना कळविले.’

नऊ दहाला! तेव्हा शाळेचं कुलूपही तुटलं नव्हतं. दिवे नव्हते, पाणी नव्हतं, नणंदबाईंच्या हाताला ओढणी बांधत होतो. तुमच्या वहीत आमची सुटका नऊ दहाला झाली, प्रत्यक्षात सकाळी सहा दहाला, आणि तीही एसटीने केली. हे ‘सर्व संबंधित’ कोण? सड्यावर उभ्या असलेल्या दीडशे माणसांपेक्षा जास्त संबंधित त्या रात्री कोण होतं? ज्या भोंग्याने वर जायला सांगितलं त्याच भोंग्याने खाली बोलवायला हवं होतं. घंटागाडी गाडीरस्त्याने वर यायला वीस मिनिटं लागतात. ड्रायव्हर तर आमच्यातच होता. सगळ्यांना वर काढून शेवटच्या फेरीत एका अपंग आजोबांना घेऊन तो वर आला होता. त्याला एक माणूस पाठवून निरोप दिला असता तरी पुरलं असतं.

इशारा चुकणं ही नवी गोष्ट नाही. ३० डिसेंबर २००४ ला, खऱ्या त्सुनामीनंतर चौथ्याच दिवशी, दिल्लीहून दुसऱ्या त्सुनामीचा इशारा निघाला. तामिळनाडूत नुकतेच आप्त गमावलेले लोक पुन्हा जिवाच्या आकांताने पळाले. एका परदेशी खासगी कंपनीच्या भाकितावर तो बेतलेला होता, आणि त्याच दिवशी सरकारमधल्याच विज्ञान मंत्र्यांनी तो खोडून काढला. त्याच फजितीतून शहाणपण घेऊन हैदराबादची यंत्रणा उभी राहिली असं मी मानते. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पूर्व किनाऱ्याला इशारा दिला गेला; जमीन उभी न उचलली जाता आडवी सरकली होती, मोठी लाट आली नाही, आणि संध्याकाळी इशारा मागे घेतला गेला. मागे घेणं हा इशाऱ्याचाच अर्धा भाग आहे. ती अर्धी पद्धत तुमच्या तालुक्यात पोहोचलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तुमचं निवेदन आलं: नागरिकांनी व पर्यटकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. साहेब, आम्ही अफवेवर हसत होतो. आम्ही विश्वास ठेवला तो पंचायतीच्या गाडीवर. यापुढे तिच्यावरही ठेवू नये असं म्हणायचं आहे का? कारण गावात आता हेच चाललंय. चहाच्या टपरीवर एकजण मला म्हणाला, ‘पुढच्या वेळी देव खाली आला तरी मी वर जायचो नाही.’ २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी हीच माणसं सांगितल्यासरशी घरं सोडून वर गेली होती. त्या रात्री तुम्ही आमची सुट्टी वाया घालवलीत ते आम्ही विसरू. त्या गावाचा भरवसा तुम्ही खर्च केलात, तो तुमचा नव्हता.

भाषेबद्दलही बोलते, मी तीस वर्षं मराठी शिकवलंय. तुमच्या संदेशांत ‘सतर्क राहावे’ असतं. सतर्क राहावे म्हणजे काय करावे? अंगणात उभं राहून समुद्राकडे बघावे? उधाण, उंच लाटा, वादळ, त्सुनामी या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीसाठी माणसाने करायची गोष्ट वेगळी आहे. कोळ्यांकडे पाण्याच्या प्रत्येक चालीला शब्द आहे. तुमच्या संदेशात सगळ्याला मिळून ‘लाटांचा इशारा’. त्या एका शब्दावर तर सगळं घसरलं.

आमचं काय झालं ते थोडक्यात. नणंदबाईंना ३८ किलोमीटरवर तालुक्याच्या गावी नेऊन प्लास्टर घातलं. शनिवारी दुपारपर्यंत एकोणीस माणसं परतली. लहान मुलं समुद्राकडे जायला तयार नव्हती आणि त्यांच्या आयांची रात्रभर झोप नव्हती, त्यांना थांबा कसं म्हणणार? रविवारी आम्ही बारा जण उरलो. दिवे एक्क्याऐंशीच लावले. ज्यांच्या नावाने लावायचे ते हात नव्हते म्हणून एकेकीने सात-आठ लावले. बिजेची कोर दिसली. सासूबाई म्हणाल्या, ‘झालं की मग. एवढं तोंड पाडायला काय झालं?’ त्या नेहमी असंच म्हणतात.

घरमालक वहिनींनी उरलेल्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत. आम्ही गादीखाली ठेवून आलो तर त्यांनी परत पाठवले. त्या आठवड्यात त्यांची पुढची तीन बुकिंगं रद्द झाली. कोकणात मे महिना म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. त्या एका महिन्यावर वर्षाचं छप्पर शाकारलं जातं.

आणि आता ज्यामुळे मी हे पत्र खुलं लिहायचं ठरवलं ती गोष्ट. त्या रात्रीची जबाबदारी अखेर कोणावर टाकलीत? गावातल्या दोन पोरांना व्हिडिओ पुढे पाठवला म्हणून चौकीवर बोलावून दिवसभर बसवलं. आणि घंटागाडीच्या कंत्राटी ड्रायव्हरला, खात्री न करता घोषणा केली म्हणून, कामावरून कमी का करू नये अशी नोटीस दिलीत. त्याने कोणाकडे खात्री करायची होती? त्याला फोन तुमच्याकडूनच आला होता! आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ मध्ये खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे, हे पोरांना चौकीवर वाचून दाखवलं म्हणे. ते कलम मीही वाचलं. मूळ व्हिडिओ माझ्या पुतण्याचा आहे. विचारायचं असेल तर त्याला विचारा, मी त्याला घेऊन येते. पण मग पोराला विचारताना सहा पंचावन्नच्या फोनवर बोललेल्या दोघांनाही शेजारी बसवा.

आमच्या मागण्या फार नाहीत. नुकसानभरपाई मागत नाही.

ड्रायव्हरची नोटीस मागे घ्या, आणि लेखी मागे घ्या. तो त्या रात्री चार फेऱ्या करून माणसं काढत होता. पाणी येतंय असं मनापासून मानणारा माणूस चार वेळा पाण्याकडे परत गेला. त्याला शाल-श्रीफळ द्या असं म्हणत नाही, भाकरी काढून घेऊ नका. त्या दोन पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांशी पोलीस पाटलांमार्फत बोला. चूक आमच्या घरची होती.

यापुढे कोणतीही घोषणा होईल तेव्हा तिच्यात एवढं असू द्या: इशारा कशाचा, दिला कोणी, किती वाजता, आणि पुढची खबर किती वाजता मिळेल. ‘दहा वाजता पुन्हा सांगू’ असं एक वाक्य असतं तर दहा वाजता आम्ही चौकशीला लागलो असतो. इशारा रद्द झाला की ज्याने वर नेलं त्यानेच खाली आणायचं, आणि शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय वहीत ‘कळविले’ लिहायचं नाही.

शाळेच्या किल्लीच्या आणखी दोन प्रती करा. एक सड्यावर राहणाऱ्या कोणाकडे तरी ठेवा, त्या कळशीवाल्या बाईंकडे ठेवली तरी चालेल. मे महिन्यात टाकी भरलेली असू द्या. पाखाडीला एका बाजूने हाताला धरायला पाइप बसवा. हे काम किती रुपयांचं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

गावाच्या आपत्ती समितीत त्या तांडेलाला घ्या. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन मच्छीमार गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागरविषयक आयोगाने त्सुनामीसाठी सज्ज गावं म्हणून मान्यता दिली. वाटा ठरवून, फलक लावून, माणसांना चालवून बघून ती सज्ज झाली आहेत. आपल्याकडे सुट्टीआधी, एप्रिलमध्ये, गावकरी आणि असतील ते पाहुणे मिळून एकदा वर चढून खाली उतरायला काय हरकत आहे? खाली उतरायचीही तालीम करा, एवढंच आमचं म्हणणं.

शेवटची मागणी वहिनींसाठी आणि गावातल्या सगळ्या घरांसाठी. त्या दिवशी समुद्राने काहीही वेगळं केलं नव्हतं, घोषणा प्रशासनाच्या गैरसमजातून झाली होती, आणि गाव पाहुण्यांसाठी जितकं सुरक्षित होतं तितकंच आहे, असं निवेदन तुमच्या सहीने काढा. ‘अफवा’ हा शब्द त्यात नको.

पुढच्या मे महिन्यात आम्ही तीच दोन घरं घेतली आहेत. या वेळी तेहतीस जण आहोत, कारण एक लग्न झालं आणि मस्कतहून दिरांचे एक सहकारी येतो म्हणाले. नणंदबाई येणार आहेत. मनगट थोडं वाकडं बसलंय, पण खोबरं खवता येतं असं त्या म्हणतात. सासूबाईंना विचारलं, पुन्हा भोंगा झाला तर? त्या म्हणाल्या, ‘तर पुन्हा जाऊ. खुर्ची या वेळी लाकडी घ्या, प्लास्टिकची हलते.’

आम्ही येण्याआधी किल्ली कोणाकडे ठेवलीत, तेवढं कळवा.

आपली,
एकतीस जणांच्या वतीने,
घरातली मोठी सून